बोस्टनहून आलेला होकार

असाहेल वाइल्डर बोस्टनहून परतला, तेव्हा हार्टवेल गावात त्याला कुणी 'प्रवास कसा झाला' असंही विचारलं नाही. बातमी त्याच्याआधीच येऊन बसली होती. गावाने ठराव करून त्याला एकच काम सांगून पाठवलं होतं: अमेरिकेच्या तेरा राज्यांसाठी जी नवी घटना लिहिली आहे, तिला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बोस्टनमधल्या सभेत नकार द्यायचा. आणि हा पठ्ठ्या होकार देऊन आला होता.

त्याच्या बायकोने, केझायाने, त्याच्यापुढे घेवड्याचं मडकं ठेवलं आणि मक्याच्या पावाचा तुकडा मोडला.

"गाव काय म्हणतंय, कानावर आलं का? शहरातल्या वकिलांनी मेजवान्या दिल्या नि तुम्ही विरघळलात."

"मेजवान्या कसल्या? महिनाभर एका घोरणाऱ्या चांभाराबरोबर एका पलंगावर झोपलोय मी."

"मग चांभाराने फितवलं म्हणायचं." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "अहो, सभाघराच्या दारावर मार्चच्या सभेची सूचना लागली आहे. असाहेल वाइल्डरने गावाचा विश्वास मोडला का, हा पहिला प्रश्न. नवी घटना मानायची का, हा दुसरा. आणि पहिला झीनासने घालायला लावलाय."

असाहेलचा घास तोंडातच राहिला. झीनास टफ्ट म्हणजे त्याचा वीस वर्षांचा दोस्त. दोघे मिळून गावाचे कुंपण-तपासनीस होते. कुणाचं कुंपण पडकं आहे, कुणाची गुरं कुणाच्या मक्यात शिरली, हे दोघांनी जाऊन पाहायचं आणि निवाडा द्यायचा. आदल्या वर्षीच्या, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या बंडाळीत झीनासच्या धाकट्या भावाला सरकारने तुरुंगात टाकलं होतं, आणि तेव्हापासून सरकार हा शब्द नुसता ऐकला तरी झीनासच्या अंगाचा तिळपापड होई. असाहेलला त्याचा राग समजत होता. पण विश्वासघातकी हा शिक्का एकदा कपाळी बसला की या गावात तो मेल्यावरही पुसत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी सभाघरात इतकी थंडी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. अध्यक्षस्थानी चर्चचे कारभारी डीकन ओबेड होते. त्यांनी असाहेलला बोलायला उभं केलं.

"मी नकार द्यायलाच गेलो होतो," असाहेल म्हणाला. "पण तिथे एकेक कलम वाचलं गेलं, आणि मला दिसलं की यात सगळी सत्ता कुणा एकाच्या हाती दिलेलीच नाही. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाचा लगाम दुसऱ्याकडे. आपण काय वेगळं करतो? मी झीनासचं कुंपण पाहतो, झीनास माझं पाहतो. आपण लबाड आहोत म्हणून नव्हे. स्वतःचं कुंपण प्रत्येकालाच सरळ दिसतं म्हणून. आणि आपल्याला हवे ते हक्क त्यात लिहून घ्यावेत, अशी शिफारसही सभेने जोडली आहे."

बऱ्याच माना डोलल्या. असाहेलला वाटलं, जिंकलो.

झीनास सावकाश उठला. "छान बोललास. बोस्टनचं पाणी मानवलं तुला. आता एवढंच सांग. गावाने तुला हुकूम दिला. तो तू मोडलास. आणि मोडला ते योग्यच झालं, हेही तूच ठरवलंस. मग तुझं कुंपण कुणी पाहिलं, असाहेल?"

सभा हसली. असाहेल हसला नाही. परतीच्या वाटेवर त्याने हजार उत्तरं जुळवली होती, पण हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता. खरं तर आला होता. घोडेस्वार पाठवून गावाला विचारता आलं असतं. गाव नाहीच म्हणेल, या भीतीने त्याने विचारलं नव्हतं.

"विश्वास मोडला असं ज्यांना वाटतं, त्यांनी पूर्वेच्या भिंतीकडे," डीकन म्हणाले. "नाही वाटत, त्यांनी पश्चिमेच्या."

बाकांचा खडखडाट झाला. दोन्हीकडे साधारण सारखीच माणसं दिसत होती. मधल्या वाटेत एकटा असाहेल उरला.

"तूही मतदार आहेस बाबा. मध्ये उभं राहायची सोय इथे नाही," डीकन म्हणाले.

असाहेल पूर्वेच्या भिंतीकडे गेला.

पश्चिमेकडून कुणीतरी चिडून म्हणालं, "अरे, डोकं फिरलं का तुझं? तुझ्यासाठीच आम्ही इथे उभे आहोत ना?"

"होकार बरोबरच होता," असाहेल म्हणाला. "पण तुम्हाला न विचारता तो द्यायचा हक्क माझा नव्हता. झीनासचं म्हणणं खरं आहे."

ठराव मंजूर झाला. असाहेलचं तपासनीसपद गेलं, आणि यापुढे त्याला गावाच्या वतीने कुठेही पाठवायचं नाही असं ठरलं. ज्यांच्यात लहानाचा मोठा झाला, त्यांच्यासमोर हे ऐकताना त्याचे कान तापले. लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी वाटली. लोक पुन्हा बाकांवर बसले, आणि सभा सोडून न जाता तोही बसला.

मग दुसरा प्रश्न आला. आता झीनास तासभर आग ओकणार, असं धरून लोकांनी कोट घट्ट ओढून घेतले. झीनास उठला आणि असाहेलकडेच वळला.

"बोस्टनची मोजणी चोख होती?"

"होती. थोड्याच मतांनी हरलात तुम्ही."

"आमच्या बाजूच्यांना बोलू दिलं?"

"शेवटच्या माणसापर्यंत."

झीनास सभेकडे वळला. "मला ती घटना आवडलेली नाही," तो म्हणाला. "माझ्या भावाला विचारा, सरकार काय चीज असते ते. पण आज या माणसाने स्वतःविरुद्धचा निकाल खाली मान घालून घेतला, आणि तो लावणारे आम्हीच. आता बोस्टनचा आमच्याविरुद्धचा निकाल आम्ही घ्यायचा नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

डीकनांनी बाजू सांगितल्या. मानणारे पश्चिमेला. झीनास पाय ओढत तिकडे गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पहिल्यांदा कुणीच हललं नाही. मग असाहेल उठून त्याच्या शेजारी गेला.

"जवळ येऊ नकोस," झीनास त्याच्याकडे न बघता पुटपुटला. "माझा राग अजून गेलेला नाही."

"ठाऊक आहे," असाहेल म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.