मी सत्त्याण्णव दाखवत होतो

मित्रांनो, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलेलं जुनं यंत्र म्हणजे मी. माझा चिमटा बोटाला लावला, की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते मी आकड्यात सांगतो. कारखान्यातून नवा आलो, तेव्हा सगळे कौतुकाने पाहायचे. आता माझ्या वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे.

एका सकाळी पलूसचे आकाराम आले. फौजेतून निवृत्त झालेले, अंगाने भारदस्त. गुंगीचं औषध देऊन तोंडावाटे त्यांच्या पोटात दुर्बीण घालायची होती. त्यांच्या पत्नी लीलाबाई दारातच थांबल्या.

“सिस्टर, ह्ये लय घोरत्यात. मधीच दम अडकतो. उठतील न्हवं?”

“मी जवळच हाय, मावशी,” सिस्टर स्वप्नाली म्हणाली.

तिने आकारामांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, बोटाला मला लावलं. औषध चढलं. डॉक्टर जिनपाल यांची नजर दुर्बिणीच्या पडद्यावर होती.

“सर, छाती हलत नाही.”

“सत्त्याण्णव आहे की.”

“आकडा असू द्या, सर. श्वास नाही!”

मित्रांनो, तिचंच खरं होतं. श्वास थांबला तरी रक्तातला आधीचा ऑक्सिजन काही वेळ पुरतो. तो सरू लागला, की मगच मला कळतं. मी खोटं बोलत नव्हतो, पण मागे पडलो होतो.

स्वप्नालीने माझी वाट पाहिली नाही. तिने आकारामांची हनुवटी उचलून जबडा पुढे ओढला. तेवढ्यात मी घसरलो. ब्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. माझ्या टीं-टीं आवाजाचा सूर खोल जाऊ लागला. डॉक्टरांनी झटकन दुर्बीण बाहेर काढली, तोंडावर मास्क दाबला आणि ते त्याला जोडलेला हवेचा फुगा पिळू लागले.

“आकाराम, श्वास घ्या! मोठा श्वास!”

मी चौऱ्याहत्तरवर होतो. मग आकारामांच्या घशातून मोठी घरघर आली. छाती वर उचलली गेली. पुन्हा उचलली. मी एकेक आकडा चढू लागलो.

तासाभराने आकारामांनी डोळे उघडले. “झालं व्हय?” त्यांनी विचारलं. लीलाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, माझी वायर जपा, माझा चिमटा पुसून ठेवा. पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. समोर माणूस निजलेला असेल, तर आधी त्याची छाती बघा. मग माझ्याकडे बघा.