चांदणीचा सव्वा तास

"मुंबईहून कराचीले टपालाचं इमान उडत जाते म्हंते," नबी पिंजारी गल्लीत सांगे, "पण त्याले तेल पाजा लागते. माही चांदणी मूठभर ज्वारीवर अकोल्याहून अमरावतीले येते. सव्वा तासात."

चांदणी म्हणजे त्याची पांढरी कबुतरी. तिचं नाव निघालं की आत चुलीपाशी हमिदाची भाकर करपे. हमिदा नबीची बायको, माहेर अकोल्याचं. मागच्या खेपेला माहेराहून ती गाडी बदलून, टांग्यात हादरत घरी आली, तर नवरा घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, आभाळाकडे तोंड करून उभा. "आली का?" म्हणाला, खाली न पाहता. ते तरी कोणाला विचारलं होतं, कोण जाणे.

पाखराची वाट, बाई, वाऱ्यानं झाडली,
माझी वाट, बाई, काट्यांनी अडली,

असं जात्यावर म्हणत ती दाण्यांचा पार भुगा करी.

या खेपेला माहेरी निघताना तर नबीनं चांदणीची टोपलीच तिच्या हाती दिली. "परवा आठचा भोंगा झाला का सोड. साडेनवाच्या आत धाब्यावर नाही आली, तर चांदणी वाहेदची. जबान देली मी त्याले." वाहेद मागच्या गल्लीतला, तोही कबुतरांच्या नादातला.

"अन् मी कवा येऊ?"

"तू ये ना गाडीनं, सावकाश," टोपलीला हवा लागते का ते चाचपत नबी म्हणाला.

अकोल्यात सरकी काढायच्या जिनाचा, कापसाच्या कारखान्याचा, आठचा भोंगा झाला. हमिदानं झाकण उघडलं नाही. टोपली मांडीवर घेऊन ती आगगाडीत खिडकीशी बसली. इंजिनाचा धूर दोघींच्या अंगावर आला. अमरावतीची गाडी बदलायला बडनेऱ्याला उतरली, तेव्हा दुपार झाली होती. तिथं तिनं झाकण काढलं.

"जा. आज तुले बी माह्याइतकाच वेळ लागू दे."

घरी पोचली तर धाबं रिकामं. खुराड्यात चांदणीचा नर एकटाच, पुढ्यातली ज्वारी तशीच. नबी खाली धनुकलीनं कापूस पिंजत होता.

"बाराले आली. वाहेद घेऊन गेला," एवढंच म्हणून त्यानं तिला पाणी दिलं.

हमिदाला वाटलं होतं, आज घोट गोड लागेल. तिनं पेला तसाच खाली ठेवला.

नबीनं तिच्या ओढणीवरचा काळा कण बोटानं टिपला. "तिच्या पंखावर बी असाच कोळसा होता."

"मंग वाहेदले काहून नाही सांगितलं?"

"त्याच्यापुढं तुले लबाड म्हणू?" त्यानं धनुकली उचलली.

हमिदा धाब्यावर गेली. नरासमोर तळहातावर दाणे धरले. तो मान फिरवून मागच्या गल्लीकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळानं नबी वर आला.

"तिथून इथवर किती वेळ लागते तिले?" तिनं विचारलं.

"पान तोंडात टाकेपर्यंत. पण पंख बांधले असतीन त्यानं."

"कुठवर?"

"तिथल्या नराशी जोडी जमेपर्यंत."

हमिदानं मूठ मिटली. तिला त्या न पाहिलेल्या, वाहेदच्या नराचा असा राग आला, की तसा चांदणीचाही कधी आला नव्हता.