बयाबाईचा उजवा पाय

विषय : काशाची वाटी देवघरातून खाली काढून सुनेच्या पायांसाठी मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार बयाबाई, राहणार कडेगावाजवळची वाडी, हिने सासूकडे केलेला तोंडी अर्ज.

वरील प्रकरणातली वाटी ती मीच. सांगलीच्या पेठेत एका कासाराच्या फळीवर मी बराच काळ बसून होते. समोरच्या कट्ट्यावर लोकांचे अर्ज लिहून देणारे बसत. त्यांचं ऐकून ऐकून माझ्या बोलण्याला ही कागदी सवय लागली. एरवी मी साधी आहे. तांबं आणि कथील वितळवून मला घडवलं. टिचकी मारली तर अजून गोड वाजते, पण देवघरात कोण टिचकी मारणार?

माझा उपयोग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारी काम आवरलं की तळपायाला बोटभर तूप लावायचं आणि माझा तळ त्यावर गोल गोल फिरवायचा. पायांची आग उतरते, डोळे निवतात, झोप लागते. तळपाय काळे होतात आणि मीही काळी होते. अंगातली उष्णता बाहेर आली, असं माणसं म्हणतात. असेलही. राजवाड्यात चंदनाचे लेप लावत असतील, बाकीच्यांना मी पुरते.

लढाई सुरू होऊन भांडी महागली होती. तरी बयाबाईच्या आईने, चंद्राबाईने, लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं. रुखवतात मात्र मांडलं नाही. लेकीच्या गाठोड्यात तळाशी दडवलं.

"बया, आठवड्यातनं एकदा दुपारचं बसायचं आन् ही पायाला फिरवायची. सवताच्या पायाला. ऐकलंस न्हवं?"

"व्हय."

"नुसतं व्हय नगं. मी सासूचं पाय चोळलं, सासऱ्याचं चोळलं. माझं ऱ्हाऊनच गेलं बघ."

सासरी ज्याची त्याची विश्रांती ठरलेली होती. सासरा केरबा जेवण झालं की ओट्यावर पानतंबाखूची चंची उघडून बसे. तेव्हा त्याला हाक मारायची कुणाची छाती नव्हती. सासू मनुबाई मिसरी लावायला बसली की दात घासून होत, मग सगळ्या आळीची चौकशी होई, तरी मिसरी चालूच. नवरा सयाजी पलटणीत होता. बयाबाईच्या वाट्याला तेवढं बसणं आलं नव्हतं. खरं म्हणजे तूप आणि अंगठा एवढ्यावरही पाय चोळता येतात. पण रिकाम्या बसलेल्या सुनेला कुणीही उठवतं. हातात वाटी असली की निदान काहीतरी चाललंय असं दिसतं.

ती दुपार गुऱ्हाळाच्या दिवसांतली. माणसं मळ्यात होती. बयाबाई त्यांना भाकरी पोचवून परतली होती आणि बांगडीवाली हाजराबी तिला बांगड्या भरायला आली होती. बांगडी चढवता चढवता हाजराबीची नजर खाली गेली.

"अगं बये, तुझ्या टाचंत जुंधळं पेरलं तर उगवून येतील की!"

"मग खुरपायला तूच ये."

"मी कशाला? आईनं दिल्याली वाटी काय लोणचं घालाय ठिवलीस?"

बयाबाई हसली. उठली, गाठोडं सोडलं, तुपाचं बोट घेऊन भिंतीला टेकली. डावा पाय आधी घेतला. त्या भेगांवरून जाताना मला नांगरलेल्या रानातून गाडी गेल्यासारखं झालं. हळूहळू रान मऊ पडलं. तिने डोळे मिटले. माझ्या आयुष्यातलं खरं काम म्हणावं ते एवढंच.

उजव्या पायाला तूप लावलं आणि दारात केरबा उभा. गुऱ्हाळातल्या चुलवाणाच्या जाळापुढे बसून त्याचे डोळे लाल झाले होते. मागोमाग मनुबाई.

"बरं झालं, वाटी हाताशीच हाय," ती म्हणाली. "सूनबाई, ह्यांच्या पायाला फिरव जरा. डोळं लय आग मारत्यात."

"व्हय, आत्याबाई."

उजव्या पायाचं तूप बयाबाईने लुगड्याला पुसलं.

तेव्हापासून मी केरबाची झाले. माणूस वाईट नव्हता. रोज पाय पुढे करून म्हणायचा, "पोरी, तुला लय पुण्य लागंल." बयाबाईला पुण्य भरपूर लागलं. टाचांना तेवढा त्याचा गुण आला नाही.

लढाई संपली, सयाजी परतला. बुटांनी त्याचे पाय सोलून निघाले होते. बयाबाईने त्याचेही पाय चोळले. एकदा तो म्हणाला, "आण तुझा पाय हिकडं. मीबी चोळतो."

"आवं, कायतरीच! नवऱ्यानं बायकूचा पाय धरायचा? पाप लागंल मला!"

तिने पाय पदराखाली ओढून घेतले. मला जीभ असती तर तिला म्हटलं असतं, पूर्वीचं पुण्य पडून आहे, त्यातून वजा करू. पुन्हा त्याने विचारलं नाही.

पुढच्या वर्षी केरबा वारला. अखेरच्या आजारातही त्याच्या पायांवर मी फिरत होते. त्याचे दिवस झाल्यावर बयाबाई मला राखेने घासायला बसली, तर मनुबाईने मला तिच्या हातातून काढून घेतलं. माझ्या तळाचा काळा डाग तिने कितीतरी वेळ पाहिला.

"ह्यांचा एक फोटू न्हाई घरात," ती म्हणाली. "पायाची एवढीच खूण हाय. घासू नगं."

मग मला देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी पालथं ठेवलं. रोज हळदकुंकू वाहतात. म्हातारी हात जोडते तेव्हा तिचे ओठ थरथरतात. तिला हसायचं धाडस माझ्याच्याने होत नाही.

यंदा थंडीत बयाबाईच्या भेगांतून रक्त आलं. ती लंगडत पाणी भरू लागली. शेवटी तिने विचारलं, "आत्याबाई, ती वाटी जरा खाली घेऊ का? पाय लय ठणकत्यात."

"अगं, सासऱ्याच्या खुणंला पाय लावतीस व्हय?" मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सुनेच्या पायांकडे बघून म्हणाली, "बघू."

हाजराबीने दुसरी वाटी आणायचा सल्ला दिला. सयाजी म्हणाला, "घरात एक असताना दुसरी कशाला? आई दील की."

देव झाल्याबद्दल माझी तक्रार नाही. नैवेद्य वेळेवर असतो, काम काही नसतं. पण वाचकहो, तुमच्या घरात माझ्या जातीची एखादी असेल तर तिला फळीवर चकचकीत ठेवू नका, पाहुण्यांसाठी राखू नका आणि देव तर मुळीच करू नका. दुपारी दार लोटून घ्या. आधी स्वतःचे दोन्ही पाय होऊ द्या. सासरे कुठे जात नाहीत.

बयाबाईने अर्ज पौषात केला. आता वैशाख चालू आहे. मनुबाई बघते आहे, सयाजी आईच्या शब्दाची वाट बघतो आहे, आणि बयाबाई आत्ताच समोरून घागर घेऊन गेली, उजवी टाच उचलून. अर्जावर निर्णय झालेला नाही.