बिनअक्षरी नकाशा

इसवी सन १९७४, फाल्गुनाचा उतार. स्थळ, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील वाशीम येथील एक लहानसे आरेखन कार्यालय, आणि तेथून पुढे इंझोरी.

देवमन या कार्यालयात आरेखक होता. टंचाईच्या कामांतील विहिरींचे नकाशे सर्वांच्या मेजांवर साचत. सर्वांत आधी रिकामे होई ते त्याचे मेज. त्याची युक्ती साधी होती. विहिरी बहुधा एकाच मापाच्या असत. म्हणून त्याने पारदर्शक ट्रेसिंग कागदावर एक मूळ नकाशा काढून ठेवला होता, आणि त्यावर मुद्दाम एकही अक्षर लिहिले नव्हते. नवा कागद त्यावर अंथरायचा, रेषा गिरवायच्या, गावाचे नाव व दिशा शेवटी घालायची. विहिरीभोवतीच्या ओट्याच्या पायऱ्या पूर्वेऐवजी पश्चिमेस हव्या असल्या, तर मूळ कागद पालथा करायचा. अक्षरेच नसल्यामुळे काही उलटे दिसत नसे. ही युक्ती तो इतरांनाही शिकवी, आणि शिकवताना थोडा तोरा मिरवी.

इंझोरीची विहीर पुरी झाली तेव्हा झालेल्या कामाची मापे घ्यायला तोच गेला. पायऱ्या पश्चिमेला होत्या, थेट शेषराव या जमीनदाराच्या अंगणात उतरणाऱ्या. बौद्ध वस्ती पूर्वेला होती; तिकडे जमीन उतरती असल्याने ओट्याची भिंत पुरुषभर उंच उठली होती. देवमनने टेप गुंडाळला. चूक त्याच्या ध्यानात आली: आधीच्या अनसिंग गावच्या विहिरीसाठी पालथा केलेला मूळ कागद त्याने इंझोरीच्या वेळी सुलटा केलाच नव्हता.

भिंतीखाली वस्तीतली वृद्ध मनकर्णाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती.

"मोजून राह्यला का, बापा? मंग आमच्या पायऱ्या कुठं गेल्या, थे बी मोज."

"काहून? तिकून पाणी भरत नाई का?"

"शेषरावनं साहेबाले खाऊ घातलं अन् पायऱ्या आपल्या आंगणात उतरवल्या. आमी नाई जात त्याच्या दारातून. नाल्यातला झिरा बरा."

ओट्यावर उभा असलेला शेषराव म्हणाला, "नकाशा म्या काढला का, बाई? मले चित्रातला बैल बी ओयखू येत नाई. या ना खुशाल."

"आज या म्हनशीन, उद्या कुत्रं सोडशीन."

"थे तं माह्या बायकोलेच भुकते."

कोणी हसले नाही.

देवमनच्या मनात वाद सुरू झाला, आणि दोन्ही बाजूंचा वकील तोच होता. नव्या नकाशात पायऱ्या आहेत तशा दाखवल्या की कागदावर दोष उरत नाही. गवंड्याने नकाशाबरहुकूम बांधले. वरिष्ठांनी तपासून सही केली. शिवाय शेषराव वाट अडवीत नाही. युक्तिवाद निर्दोष होता. परंतु तो मान्य करायचा, तर शेषरावावरील आळ गावात कायमचा राहणार होता आणि ही घागर झिऱ्याकडेच जाणार होती. आणि कबूल करावे, तर नोकरीचा प्रश्न होता. देवमन स्वतः बौद्ध घरातला. त्याची आई भागिरथा लहानपणी विहिरीच्या ओट्याखाली बसून राही. वरून कोणाला दया आली की पाणी ओतले जाई. ते तिने त्याला अनेकदा सांगितले होते. नकाशे काढताना मात्र ते त्याला कधी आठवले नव्हते.

तो भिंतीला वळसा घालून खाली आला.

"मावशी, शेषरावजीनं काई केलं नाई. पायऱ्या तुमच्याच बाजूनं ठरल्या होत्या. नकाशाचा कागद म्या पालथा ठेवला, अन् घाईत पाह्यलं नाई."

मनकर्णाबाईने घागर जमिनीवर टेकवली.

"कायची घाई होती?"

घाई कशाचीच नव्हती. मेज आधी रिकामे व्हायला हवे होते, इतकेच.

"साहेबाले सांगशीन का हे?"

"सांगतो. लिहून देतो."

तिने वर, शेषरावाकडे पाहिले, मग उंच भिंतीकडे, शेवटी देवमनकडे.

"शेषरावचा दोष नाई," ती म्हणाली. "तुहा हाय. इकून पायऱ्या बांधून दे."