काकूंचा फिरता फ्रीज

"डावीकडून उचला, डावीकडून! अहो जावईबापू, ती तुमची उजवी!"

मागच्या बोळातून फ्रीजकाकूंचा फ्रीज चौथ्या घराकडे निघाला होता. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला काकूंचे जावई आणि मागून काकू, एखाद्या आजारी नणंदेला दवाखान्यात न्यावं तशा त्याच्या पाठीला हात लावून.

पुढच्या रस्त्याने कचेरीतली सर्वेक्षणवाली बाई घरोघर फिरत होती. हवामान बिघडत चाललंय, नदी वरचेवर घरात शिरतेय. कुठल्या वस्तीला जास्त फटका बसेल याचा नकाशा करायचा होता. त्यासाठी ती छप्पर, नळ, फ्रीज असं सगळं विचारत होती. गल्लीने एवढाच अर्थ लावला, की बाई आपली लायकी मोजायला आली आहे. तेव्हा गल्लीतला एकमेव फ्रीज साती घरांत हजर राहील, असं शिंपिणीने सकाळीच ठरवून टाकलं.

काकूंची अट एकच होती. "दार कुणी उघडायचं नाही. गारवा जातो."

काकूंनी रुग्णालयाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरी धुतल्या आणि निवृत्त होताना हा फ्रीज घेतला. त्याबरोबर 'फ्रीजकाकू' ही पदवीही घरात आली. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात फ्रीज गळ्यापर्यंत बुडाला आणि पुन्हा कधी गुरगुरला नाही. पण पदवी बुडाली नव्हती, कारण काकूंनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. जावयांनासुद्धा.

सातवं घर काकूंचंच. तिथे मात्र घात झाला. बाई पुढच्या दाराने आत आली, तेव्हा फ्रीज मागच्या दारात अडकलेला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

बाईने त्याच्यावर चिकटवलेला पोपट निरखला. "काकू, या पोपटाला मी सकाळपासून सातव्यांदा भेटतेय."

"माणसाळलेला आहे तो," फ्रीजमागून जावयांचा आवाज आला.

बाई हसली नाही. "अहो, सात घरांत सात फ्रीज लिहिले, तर नकाशावर ही गल्ली हिरवी येईल. म्हणजे पूर आला तरी निभावून नेणारी. नदीकाठची भिंत आणि इशाऱ्याचा भोंगा लाल गल्ल्यांना मिळणार आहे."

"मग लाल रंगवा की!" शिंपी म्हणाला.

"मी काय रंगारी आहे? तुम्ही सांगाल ते लिहायचं. फ्रीज चालू असला तरच धरायचा. चालू आहे ना हा?"

एव्हाना सगळी गल्ली दारात जमली होती. काकूंनी शिंपिणीच्या सासूकडे पाहिलं. पुरात म्हातारीला टेबलावर टेबल चढवून बसवलं होतं. रात्रभर ती सगळ्यांना विचारत होती, "अजून किती वर जायचं गं?"

काकूंनी फ्रीजचं दार उघडलं.

आत घडीवर घडी ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. आणि वरच्या कप्प्यापाशी, चारी बाजूंनी, गाळाची तपकिरी रेघ.

"पाणी इथवर होतं, लिहा," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांचे डाग काढले, पण हा एक काही निघाला नाही."

बाईने टेप काढला, रेघ जमिनीपासून किती उंच ते मोजलं आणि सातही कागदांवर 'फ्रीज नाही' असं लिहिलं.

काकूंनी मान वर केली नाही. "दोन वर्षं बंद आहे."

"ठाऊक आहे, काकू," शिंपी म्हणाला. "पुरानंतर बर्फ मागायला आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, आज जमला नाही. तेव्हाच गल्लीत सांगून ठेवलं, काकूंकडे बर्फ मागायला कुणी जायचं नाही."

"मला सांगितलं असतं तर?" जावई कळवळले. "निदान आतल्या चादरी काढून उचलला असता!"

बाई गेली. फरशीवरच्या चौकोनी खुणेवर फ्रीज पुन्हा बरोबर बसवला गेला. दार उघडंच होतं. शिंप्याने जाता जाता ते हलकेच लोटलं.

"गारवा जाईल, काकू," तो म्हणाला.

कुणीही हसलं नाही.