गुरुदासच्या स्टुडिओतली मुंबई

मी राजधानी बोलतोय. हसू नका! खरी नव्हे, कापडावरची. मालवणच्या बाजारात गुरुदासचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या भिंतीवरचा मी पडदा. माझ्यावर मधोमध गेटवे ऑफ इंडिया, डाव्या अंगाला घड्याळाचा उंच मनोरा, उजवीकडे घोड्यावर बसलेल्या कुण्या बड्या माणसाचा पुतळा आणि पायाशी समुद्र. खऱ्या मुंबईत ही सगळी एकमेकांच्या शेजारी नाहीत म्हणे. नसेनात! मालवणात आहेत.

मला पेद्रूने रंगवलं, त्रेपन्न साली. चर्चच्या नाटकांचे देखावे रंगवणारा माणूस, मुंबई त्याने फक्त कॅलेंडरवर बघितलेली. पुतळ्याचं तोंड काही केल्या जमेना, तेव्हा त्याने ते कोरंच सोडलं. "लांबसून कोण बघता रे?" म्हणाला. रंगात त्याने सरस कालवला होता, त्यामुळे दमट हवा सुटली की माझ्या अंगाला अजून वास येतो.

साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबई राजधानी झाली आणि माझा रुबाब वाढला. खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असायचा. तो अंगात घालायचा, ढगळ झाला तर पाठीमागून चिमटे लावायचे आणि माझ्यापुढे श्वास कोंडून उभं राहायचं. ज्यांनी मुंबई कधी बघितली नाही, तेच जास्त ताठ उभे राहत. मला काय मजा यायची म्हणून सांगू!

ती मजा एकसष्टच्या चतुर्थीला संपली.

त्या वर्षी मे महिन्यात सत्यवान नावाचा खलाशी देवगडहून हापूसच्या पेट्या घेऊन मुंबईला निघाला होता. मोसमातलं शेवटचं गलबत. पाऊस अगदी तोंडावर आलेला. गलबत पोचलंच नाही. ना फळी मिळाली, ना माणूस.

घरी त्याची आई हौसाबाई, बायको जानकी आणि धाकटा भाऊ बाळा. हौसाबाईचं काळीज दुबळं, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला सांगावं की नाही? जानकीने गावच्या देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार. पडली डावी. देवीच नको म्हणाली, मग सांगायची छाती कुणाची होणार? जानकी कपाळाला कुंकू लावत राहिली.

चतुर्थीला गावोगावचे चाकरमानी आले, सत्यवान नाही. हौसाबाईने अन्न टाकलं. तेव्हा जानकी बाळाला घेऊन स्टुडिओत आली आणि खाली बघत म्हणाली, "गुरुदासभाऊ, ह्याका सत्यवान करा."

 गुरुदासने बाळाला कोट चढवला, काजळाने मिशी काढली. जानकी कॅमेऱ्यामागे पदर तोंडात कोंबून उभी होती. फोटो घरी गेला. हौसाबाईने तो डोळ्याला टेकवून बघितला आणि म्हणाली, "बरो दिसता माझो झील. पण हसाक नाय गो." त्या दिवशी ती जेवली.

पुढच्या चतुर्थीलाही, सत्यवानाला सुट्टी मिळाली नाही असं सांगून, फोटोच गेला. या खेपेला कोटाला चिमटे लागले नाहीत. मिशी बाळाची स्वतःची होती. दिवसेंदिवस तो मेलेल्या भावासारखा दिसायला लागला होता. मला ते बरं वाटेना. माझ्यापुढे उभं राहून माणूस खोटं बोलतो ते चालतं, पण हा पोरगा कुणाच्या जागेवर उभा होता?

आणि मग त्रेसष्टच्या मे महिन्यात व्हायचं तेच झालं. हौसाबाईने हट्ट धरला, बाळालाही मुंबईला धाडायचं. मोठा भाऊ आहे ना तिथे, देईल कुठेतरी नोकरीला चिकटवून! गलबत शेवटचं, आभाळ भरून आलेलं. जानकीने परोपरीने विनवलं. म्हातारीचं एकच, "सत्यवान ह्याच दिवसांत गेलो. पोचलो ना सुखरूप? तूय तसोच जा."

नाही म्हणायचं तर खरं सांगायला हवं. बाळा तयार झाला.

निघायच्या दिवशी हौसाबाई स्वतः स्टुडिओत आली, पहिल्यांदाच. जाण्याआधी तिला बाळाबरोबर फोटो हवा होता. काखेत कुळथाच्या पिठीचं गाठोडं, सत्यवानासाठी. तिला दारात बघून गुरुदासची पाचावर धारण बसली. त्याने मला घाईघाईने गुंडाळून वर बांधलं. दक्षिणेला आभाळ काळंकुट्ट झालं होतं. बंदरावरून गलबताचा तांडेल ओरडत होता, "बाळा, चल रे, भरती सरता!"

आणि माझी दोरी सुटली. उंदराने कुरतडली होती, असं गुरुदास म्हणतो. म्हणू दे.

मी धाडकन खाली उलगडलो. हौसाबाई पुढे आली. तिने फोटोतल्या त्या गेटवेवर हात फिरवला, नाक लावून वास घेतला. मग वळून बाळाकडे बघितलं, खिळ्यावरच्या कोटाकडे बघितलं.

"गो जानकी, ही मुंबय?"

"होय, आये."

"आणि माझो सत्यवान?"

जानकीने पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं.

सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता कोसळणार. ती कोसळली नाही. तिने बाळाचं मनगट असं धरलं की तो कळवळला. "जाव नको," एवढंच म्हणाली. तांडेल ओरडून ओरडून थकला आणि गलबत निघून गेलं.

मग हौसाबाईने पिठीचं गाठोडं सोडलं आणि माझ्या पायाशी, पेद्रूच्या त्या समुद्राजवळ ठेवलं. "खा रे बाबा. दोन वर्सां उपाशी रवलंस." तेव्हा जानकी मोठ्याने रडली. दोन वर्षं तिला रडायचीही मुभा नव्हती.

त्या गलबताची वाट तांडेलाच्या घरी अजून बघतात.

गुरुदासने मला पुन्हा टांगलं नाही. मी माळ्यावर गुंडाळून पडलोय. माझ्या समुद्रावर पिठीचा डाग आहे, पुतळ्याचं कोरं तोंड आतल्या आत दुमडलेलं आहे. कधी मला खाली काढलंत, तर माझ्यापुढे ज्याला त्याला त्याच्याच नावाने उभं करा. आणि एवढं ऐका, माझी दोरी फार घट्ट बांधू नका.