पोपच्या पुडीची दीक्षा

या, पुढं सरका. या ऑर्गनच्या भात्यापाशी बसा. आमच्या कॅण्टरांचा, म्हणजे देवळातल्या मुख्य गायकांचा जीव कसा वाचला ते सांगतो, आणि हसू आलं तर खुशाल हसा, देवाला चालतं.

हे आमचे कॅण्टर योआखिम वुल्फ गात गात प्रवचन करायला उभे राहिले की मी ऑर्गनचा भाता तुडवायचं विसरायचो. ऑर्गन कण्हत बंद पडायचा. पाद्रीबुवा रागानं वर बघायचे, पण त्यांचेही डोळे ओलेच असायचे. अशा माणसाला त्या वसंतात हिवतापानं धरलं. एल्बे नदीकाठच्या दलदलीचा तो ताप, दिवसाआड यायचा आणि दर खेपेला त्यांच्यातलं थोडं घेऊन जायचा. ईस्टरला गाणार कोण हे नंतरचं. ईस्टरपर्यंत कॅण्टर राहतात का, हीच धास्ती होती.

औषधवाले डेटलेफ हार्म्स यांच्याकडं उपाय होता. समुद्रापलीकडच्या पेरू देशातल्या एका झाडाची साल, कुटून निळ्या बरणीत भरलेली. पण ती साल आणायचे जेझुइट, म्हणजे पोपचे पाद्री, आणि आम्ही पडलो पोपला न मानणारे लुथरपंथी. लोक तिला जेझुइटांची पूडच म्हणायचे.

"पोपची माणसं माझ्या पोटात?" कॅण्टर कुडकुडत म्हणाले. "मरेन, पण लुथरपंथी मरेन."

"गुरुजी, तुमचं पोट साफ करते ती रेवाचिनी तुर्काकडून येते," हार्म्स म्हणाले. "मग पोट बाटलं का?"

"ती आत थांबत नाही हो. येते तशी जाते."

कॅण्टरांची बायको गेशे उशाशी बसली होती. ती कावून म्हणाली, "अहो, धर्माचीच अडचण असेल तर त्या पुडीनं बदलावा धर्म! तुम्ही कशाला मरता?"

बाई रागानं बोलली, पण हार्म्स थबकले. बरणी काखेत मारून ते थेट पाद्री माइनर्टबुवांकडं गेले.

बुवा मोठ्या मनाचे. बराच वेळ हनुवटी खाजवून म्हणाले, "पोपकडचा कुणी आपल्यात येतो म्हटलं तर आपण दार लावतो का? येऊ दे. पण आधी प्रवचन ऐकायला पाहिजे."

रविवारी बरणी देवळात आली. बसवायची कुठं यावरून जुंपली. नगरप्रमुखांच्या विधवा एंगेलबाई कडाडल्या, "या बाकावर आमच्या पिढ्या बसल्या. आता कालच्या बरणीच्या मागं बसू होय मी?" शेवटी ती माझ्याशेजारी, भात्यावर ठेवली. तिला झोप लागू देऊ नकोस, असं मला बजावलं. स्तोत्र सुरू झालं, मी पाय हाणायला लागलो, आणि बरणीचं झाकण खडखडलं. दुपारपर्यंत गावभर झालं की पूड देवाचं नाव ऐकून थरथरली.

मग बुवांनी बरणीतल्या नव्या पाहुण्याला विचारलं, "पोपचा त्याग करतोस?"

बरणी गप्प.

"स्वभावानं अबोल आहे," हार्म्स म्हणाले.

यावर एंगेलबाईच उठल्या. "आमच्या जावयानं तरी दीक्षेच्या वेळी कुठं तोंड उघडलं होतं? तो चालला, मग हा का नाही?"

झालं. बुवांनी दीक्षा दिली, आणि गेशे धर्ममाता, म्हणजे दीक्षेतली आई झाली. पुडीचं नाव ठेवलं टोबियास.

आम्ही सगळे तसेच कॅण्टरांच्या घरी गेलो. ताप चढत होता, दात वाजत होते. हार्म्सनी पूड वाइनमध्ये कालवली. कॅण्टरांनी पेला ओठाशी नेला आणि खाली ठेवला.

"आता तर मुळीच नाही."

"आता काय झालं?"

"काल हा परका होता. आज धर्मबंधू आहे. धर्मबंधूला गिळू मी?"

हार्म्स मटकन जमिनीवर बसले. बुवांनी बायबल उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

गेशेनं पेला उचलला. "टोबियास माझा धर्मपुत्र आहे, त्याच्या वतीनं मी बोलते. मित्रासाठी जीव द्यावा, याहून मोठं प्रेम नाही, हे तुम्हीच गाता ना? माझं पोर जीव द्यायला निघालंय आणि तुम्ही त्याला परत पाठवता?" मग तिनं पेला त्यांच्या ओठाशी धरला. "घ्या ना हो. मी एकटी काय करू या घरात?"

कॅण्टरांनी पेला हातात घेतला. "त्याला दुखणार नाही ना गं?"

"नाही. मी सांगितलंय त्याला."

ते रडत रडत प्याले. आणि तोंड असं वाकडं केलं की टोबियास किती कडू होता ते आम्हालाही कळलं. उरलेला टोबियासही थोडा थोडा करून पोटात गेला. पुढचा ताप हलका आला. मग यायचाच थांबला.

ईस्टरला ते गायले. आवाज सुतासारखा बारीक, पण तुटला नाही. मी भाता असा हळू तुडवला, जणू पायाखाली झोपलेलं मूल आहे.

गाणं झाल्यावर त्यांनी हार्म्सना बाजूला घेतलं. "टोबियासच्या मागं कोण आहे? कळवायला हवं कुणाला तरी."

हार्म्स डोकं खाजवत म्हणाले, "झाड होतं, गुरुजी. डोंगरात. तिथल्याच लोकांना हाकून नेतात म्हणे साल सोलायला. थंडीवाऱ्यात. त्यांची नावं कोण विचारतंय?"

कॅण्टर तसेच परत गेले आणि देवापुढं गुडघे टेकले. एंगेलबाई, बुवा, आम्ही सगळेच मागोमाग बसलो.

तुम्हीही आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा त्या साल सोलणाऱ्यांची आठवण ठेवा. नावं आपल्याला ठाऊक नाहीत. देवाला आहेत.